परतीचा दोर

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता वेगळा होतो आणि पुण्याचा कोनवरून पुढे जातो. गोव्याच्या बाजूला कर्नाळ्याचा अंगठा, पुण्याच्या बाजूला प्रबळगड, कलावंतीण आणि पुढे इर्शाळ. आमच्या कोनच्या आसपास वाढलेल्या मुलांना डोंगर शोधायला लांब जावं लागत नाही. त्यामुळे माझ्याकडे तापा-खोकल्याच्या जोडीला आणखी एक प्रकारचे 'रुग्ण' येतात. त्यांना काहीच झालेलं नसतं. त्यांना फिटनेस सर्टिफिकेट हवं असतं. कोणी गिर्यारोहणाच्या प्राथमिक कोर्सला निघालेला असतो, कोणी एव्हरेस्ट बेस कॅम्पला आणि अलीकडे एखादा थेट आठ हजार मीटरच्या शिखराला.

अशाच एका तिशीच्या आतल्या तरुणाने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, सही तेवढी करा. बाकीचं सगळं मी भरलंय." नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम, ईसीजी चित्रातल्यासारखा. सवयीने विचारलं, "भीती वाटते का?"

"छे! भीती वाटली असती तर तिकडे निघालोच नसतो."

मांडीवर दोन वर्षांची मुलगी घेऊन बसलेली त्याची बायको हळूच म्हणाली, "मला वाटते. पण त्याचा रकाना फॉर्मवर नाही ना."

खरंच नाही. दमा, मधुमेह, फिट येणं, जुनं ऑपरेशन या सगळ्याचे रकाने असतात. भीतीचा नसतो आणि घरच्यांचाही नसतो. माझ्या मते अतिउंचीवरच्या गिर्यारोहणात या दोनच गोष्टी डॉक्टरने, क्लबने आणि पैसे देणाऱ्यांनी सर्वांत आधी विचारायला हव्यात. कारण शरीरशास्त्र असं सांगतं की ज्या भीतीला आपण कमकुवतपणा समजतो ती वर पोचल्यावर बंद पडते, आणि ती बंद पडली की माणसाला परत कधी फिरायचं ते कळत नाही.

आधी भीती म्हणजे काय ते पाहू. मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. कड्याच्या टोकावर पाय ठेवला की विचार करायच्या आत तो शरीराला हुकूम सोडतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पाय मागे सरकतो. मग कपाळामागचा मेंदू, म्हणजे हिशेब करणारा भाग, त्या धोक्याचं वजन करतो: दोर पक्का आहे, पकड चांगली आहे, पुढे जायला हरकत नाही, किंवा आहे. चांगला प्रस्तरारोहक निर्भय नसतो. त्याच्या मेंदूतले हे दोन भाग एकमेकांशी नीट बोलत असतात, एवढंच. कर्नाळ्याच्या सुळक्यावर चढणारे जुने जाणते लोक विचारा. ते सांगतील की ज्याच्या हाताला घाम येत नाही त्याच्याबरोबर ते दोर बांधत नाहीत.

सह्याद्री हे भीतीचं उत्तम विद्यापीठ आहे, पण त्याच्या अभ्यासक्रमात एक विषयच नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथेही हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चार-पंचमांशाहून जास्त असतो. म्हणजे इथे वीस वर्षं चढाई केली तरी माणूस दरीला घाबरायला शिकतो, हवेला नाही. दरी डोळ्यांना दिसते. विरळ हवा दिसत नाही.

एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. १९८१ मध्ये ख्रिस्तोफर पिझो या डॉक्टर-गिर्यारोहकाने माथ्यावर हवेचा दाब मोजला. तो भरला २५३ मिलिमीटर पारा. कोनमध्ये, आपल्या अंगणात, तो सुमारे ७६० असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच, सुमारे २१ टक्के, पण हवाच एक-तृतीयांश. २००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या एका मोहिमेने याहून धाडसी काम केलं. शिखरावरून उतरताना ८,४०० मीटरवर, बोचऱ्या थंडीत, चार जणांनी कपडे सोडून मांडीच्या धमनीतून एकमेकांचं रक्त काढलं आणि ते शेर्पांनी धावत खालच्या कॅम्पवरच्या यंत्रापर्यंत पोचवलं. रक्तातल्या ऑक्सिजनचं संपृक्ततेचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. एकाचं तर ३५च्या आसपास.

करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला, त्यामुळे हा आकडा आता समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा ९४च्या खाली आकडा गेला की आपण बेड शोधत फिरत होतो. ५४ आकडा घेऊन माणूस माझ्या दवाखान्यात आला तर मी आधी रुग्णवाहिका बोलावीन आणि मग त्याचं नाव विचारीन. ती चार माणसं मात्र उभी होती, सुया टोचत होती. कारण त्यांच्या शरीराने कित्येक आठवडे हळूहळू वर चढत स्वतःला त्या हवेची सवय लावली होती. ही सवय हा निसर्गाचा चमत्कारच आहे, पण तिलाही मर्यादा आहे. आठ हजार मीटरच्या वर शरीर सवय लावून घेत नाही, फक्त झिजत जातं.

आणि सर्वांत आधी झिजतो तो मेंदूचा हिशेब करणारा भाग. पाय चालत राहतात, निर्णय अडखळतात. यात एक विलक्षण गोम आहे. श्वास कोंडल्यावर जी जीवघेणी तगमग होते ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. उंचीवर माणूस भात्यासारखा श्वास घेत असतो. मानेतल्या धमनीजवळचे ऑक्सिजनचे संवेदक त्याला तसा घ्यायला लावतात. पण त्या धापेने कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि गुदमरल्याची ती धोक्याची घंटा वाजतच नाही. ऑक्सिजन संपत चाललेला असतो आणि आत शांतता असते. काहींना तर एक सुखद हलकेपणा जाणवतो, थोडी घेतल्यासारखा.

वैमानिकांना हे मुद्दाम शिकवावं लागतं. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांना कमी दाबाच्या बंद खोलीत बसवून विरळ हवेचा अनुभव दिला जातो. अशा खोल्यांतला जगभरचा अनुभव एकच आहे. मास्क काढून साधी वजाबाकी करायला सांगितली की काही मिनिटांत आकडे चुकतात, अक्षर वेडंवाकडं होतं, आणि माणूस हसत सांगतो की माझं तर छान चाललंय. बाहेर आल्यावर स्वतःचाच कागद पाहून त्याचा विश्वास बसत नाही. जो अवयव बिघडला आहे त्यालाच आपण विचारत असतो की तू बिघडला आहेस का.

"वर जाऊन परिस्थिती बघून ठरवू" हे वाक्य म्हणूनच मला सर्वांत धोकादायक वाटतं. वर ठरवणारा माणूस खालचा राहिलेला नसतो. ठरवायचं ते खाली, डोकं आणि भीती दोन्ही शाबूत असताना ठरवायला हवं.

याचं सर्वांत करुण उदाहरण १९९६चं. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्या काळातला अत्यंत सावध मार्गदर्शक. १९९५ मध्ये डग हॅन्सन नावाच्या अमेरिकन टपाल कर्मचाऱ्याला त्याने शिखराच्या अगदी जवळून, उशीर झाला म्हणून, परत फिरवलं होतं. तो निर्णय अचूक होता. पण पुढच्या वर्षी हॅन्सन पुन्हा आला. दुसऱ्यांदा परत फिरणं त्याला जड जाणार होतं, आणि त्याला फिरवणं हॉललाही. दुपारी दोनला कुठेही असाल तिथून मागे वळायचं, हा नियम १० मे १९९६ रोजी पाळला गेला नाही. हॅन्सन दुपारी चारच्या सुमारास माथ्यावर पोचला. संध्याकाळी वादळ आलं. त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण गेले. त्यांत आपल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांचे तिघे होते. हॉल वर अडकला. रेडिओला उपग्रह फोन जोडून त्याचं न्यूझीलंडमधल्या पत्नीशी बोलणं करून दिलं गेलं. जॅन आर्नल्ड स्वतः डॉक्टर होती, १९९३ मध्ये त्याच्याबरोबर एव्हरेस्ट चढून आली होती, आणि त्या वेळी गरोदर होती. त्या उंचीवर रात्र काढलेल्या शरीराचं काय होतं हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोघांनी बाळाचं नाव ठरवलं.

त्याच हंगामात योरान क्रॉप नावाचा स्वीडिश गिर्यारोहकही तिथे होता. हा गडी स्वीडनहून सायकलवर नेपाळला आला होता. सगळं सामान स्वतः वाहून, बाटलीतला ऑक्सिजन न वापरता, मे महिन्याच्या सुरुवातीला तो शिखराच्या खाली सुमारे शंभर मीटरपर्यंत पोचला आणि उशीर झाला म्हणून वळला. एवढी हजारो किलोमीटर सायकल मारून! तीन आठवड्यांनी, २३ मे रोजी, तो माथ्यावर गेला आणि सायकलनेच घराकडे निघाला. हाच क्रॉप २००२ मध्ये अमेरिकेत एका साध्या कड्यावर चढताना पडून गेला. डोंगर कोणाला कायमचं प्रमाणपत्र देत नाही.

आता थोडे आकडे. १९२१ ते २००६ या काळातल्या एव्हरेस्टवरच्या मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. बेस कॅम्पच्या वर गेलेल्यांपैकी सुमारे १.३ टक्के परत आले नाहीत. आठ हजार मीटरच्या वर गेलेले बहुतेक जण चढताना नाही, उतरताना गेले. त्यांच्यात अतिथकवा, तोल जाणं, गोंधळलेपण ही लक्षणं दिसत होती आणि ते माथ्यावर उशिरा पोचले होते. २०२० मधल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलं की माथा गाठणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीपेक्षा दुप्पट होऊन दोन-तृतीयांशावर गेलं. हवामानाचे अंदाज सुधारले, दोर आधीच लावलेले असतात. मृत्यूचं प्रमाण मात्र एक टक्क्याच्या आसपासच राहिलं.

एक टक्का ऐकायला लहान वाटतं. दोन एसटी गाड्या भरून शंभर माणसं सहलीला निघाली आणि दर सहलीत एक जण परत येत नाही, अशी सहल आपल्या गावात कोणी काढील का? हर्नियाच्या ऑपरेशनआधी आम्ही डॉक्टर नातेवाइकांना बसवून धोके समजावतो आणि संमतिपत्रावर सही घेतो. तिथला जिवाचा धोका याच्या पासंगालाही पुरत नाही. मग आठ हजार मीटरला निघालेल्या माणसाच्या आई-बापाला, नवऱ्याला, बायकोला हा आकडा कोणी समोर बसवून सांगतं का? बहुतेक घरांत सांगितला जातो तो फक्त खर्च.

खर्चाचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. नेपाळने एव्हरेस्टच्या वसंत ऋतूतल्या परवान्याचं शुल्क सप्टेंबर २०२५ पासून ११ हजारांवरून १५ हजार डॉलर केलं. म्हणजे नुसती परवानगीच तेरा लाखांच्या आसपास, आणि शेर्पा, ऑक्सिजन, कपडे, विमा, प्रवास धरून एकूण खर्च त्याच्या कितीतरी पट. मध्यमवर्गीय मुलगा हे पैसे उभे करतो ते कर्ज काढून, दागिने मोडून, नगरसेवकांच्या आणि कंपन्यांच्या दारी जाऊन. निघायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर त्याच्या चेहऱ्यामागे शिखराचं चित्र असतं. या सगळ्याचं ओझं पाठपिशवीत दिसत नाही, पण ८,५०० मीटरवर, बधिर झालेल्या मेंदूत, शेवटपर्यंत जागं राहतं ते हेच. २०१६ मध्ये पुण्याच्या पोलीस दलातल्या एका दांपत्याने फोटोत फेरफार करून एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. त्यांची चेष्टा खूप झाली. माथा गाठला नाही असं सांगणं इतकं अवघड कोणी करून ठेवलं, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

आपल्या मनावर दोन गोष्टींचा ठसा आहे आणि दोन्ही गडावरच्या आहेत. एक तानाजीची. मुलाचं लग्न बाजूला ठेवून तो कोंढाण्यावर गेला, आणि सूर्याजीने दोर कापून टाकले म्हणून मावळ्यांना लढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. 'परतीचे दोर कापले' हा वाक्प्रचार आपण तिथूनच उचलला आणि परीक्षेपासून धंद्यापर्यंत कुठेही कौतुकाने वापरतो. लढाईत ते ठीक होतं. खाली शत्रू होता, स्वराज्य पणाला लागलं होतं. हिमालयात शत्रू कोणी नाही आणि परतीचा दोर कापून फायदा कोणाचाच नाही. दुसरी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली, रायगडावरच्या हिरकणीची. दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ खाली, म्हणून ती अंधारात कडा उतरून घरी गेली अशी कथा आहे. शाळेत आपण ती धाडसाची म्हणून शिकवतो. पण नीट पाहिलं तर मराठीतली ती बहुधा एकमेव प्रसिद्ध गिर्यारोहणकथा आहे जी चढण्याची नाही, उतरण्याची आहे. आणि तिला भीती वाटली नसेल असं कोणी आई मानणार नाही.

हिरकणीचा उल्लेख आला म्हणून एक कडवट गोष्टही सांगायला हवी. १९९५ मध्ये ब्रिटनची अ‍ॅलिसन हरग्रीव्ह्ज के-टूवरून उतरताना गेली. त्याच वर्षी ती बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढून आली होती. तिच्यामागे दोन लहान मुलं होती आणि वर्तमानपत्रांनी तिच्या आईपणाचा पंचनामा मांडला. त्याच मोसमात गेलेल्या बापांबद्दल असं काही कोणी विचारलं नाही. आपल्याकडेही मुलगी मोहिमेला निघाली की लग्नाचं काय, आणि लग्न झालं असेल तर मुलांचं काय, हे प्रश्न हमखास येतात. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ पासून २०२२ पर्यंत एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, अन्नपूर्णा आणि कांचनगंगा अशी आठ हजारांवरची पाच शिखरं गाठली. ही कामगिरी करणारी ती पहिली भारतीय स्त्री. घराचा प्रश्न विचारायचाच असेल तर माझ्या दवाखान्यात आलेल्या त्या तरुणालाही विचारावा, आणि तो बाप आहे म्हणून विचारावा.

महाराष्ट्राने हा खेळ कसा शिकला हेही पाहण्यासारखं आहे. १९८८ मध्ये वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली इथली मंडळी कांचनगंगेवर गेली. एवढ्या उंच शिखरावरची नागरी गिर्यारोहकांची ती आपल्याकडची सुरुवातीची मोठी मोहीम. त्यात संजय बोरोले हा सहकारी गमवावा लागला. १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. मग २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ जण, आणि मे २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर. दहाही जण सुखरूप खाली आले. त्याच दिवसांत त्याच डोंगरावरून उतरताना बंगालचे दोघे गेले, हे विसरू नये.

त्याच महिन्यात एव्हरेस्टवर शिखराखाली माणसांची रांग लागली. तो फोटो सगळ्या जगाने पाहिला. त्या मोसमात एव्हरेस्टवर अकरा जण गेले. त्यांत ठाण्याच्या अंजली कुलकर्णी होत्या आणि अकलूजचा निहाल बागवान होता. अंजलीताई पती शरद यांच्यासह मोहिमेवर होत्या. शरद कुलकर्णी चार वर्षांनी, साठी गाठल्यावर, पुन्हा तिथे गेले आणि २०२३ मध्ये त्यांनी माथा गाठला. यावर बाहेरच्या माणसाने मत देऊ नये असं मला वाटतं. डोंगर एखाद्या घरात किती खोल शिरलेला असतो ते मात्र यातून कळतं.

क्लबची मोहीम आणि पैसे भरून घेतलेली मोहीम यांत मला वैद्यकीय दृष्टीनेही फरक दिसतो. ज्याच्याबरोबर दहा वर्षं सह्याद्रीत दोर बांधला त्याची चाल आपल्याला ओळखीची असते. तो नेहमी बडबडतो आणि आज गप्प आहे, गाठ मारताना त्याची बोटं कधी अडत नाहीत आणि आता अडताहेत, हे आपल्या लगेच लक्षात येतं. मेंदू बधिर झाल्यावर स्वतःची भीती काम करत नाही तेव्हा सोबत्याची भीती कामाला येते. आठवड्यापूर्वी काठमांडूत ओळख झालेल्या सहा देशांच्या सहा लोकांत ही ओळख कुठून येणार? उरतो तो शेर्पा. तो अनुभवी असतो, पण गिऱ्हाइकाने "नाही, मी ठीक आहे" म्हटलं तर त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. त्याच्याही घरी बायको-मुलं असतात, आणि खुंबूच्या हिमप्रपातातून आपण मोजक्या वेळा जातो तर तो सामान घेऊन एका मोसमात कितीतरी वेळा जातो. १८ एप्रिल २०१४ रोजी त्या हिमप्रपातात एका सकाळी १६ नेपाळी कामगार गेले. आपल्या घरातल्या भीतीबद्दल बोलताना त्या घरांचीही आठवण असावी.

काही गिर्यारोहक याला विरोध करतात. ते म्हणतात, घरच्यांची भीती मोहिमेत आणली तर माणूस बेस कॅम्पवरच खचतो. वर असताना मुलांची आठवण काढायची नाही, फोन करायचा नाही. एकाग्रतेचा मुद्दा मला मान्य आहे. चढताना मनात रडणारं लेकरू नको. पण म्हणूनच घरच्यांशी जे बोलायचं ते निघण्याआधी बोलून, लिहून, संपवून जावं. मराठी घरातून बाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हे 'येतो' कोणत्या अटींवर, एवढंच कागदावर उतरवायचं आहे.

माझ्या दवाखान्यात मी आता तो कागद मागते. शिखराच्या दिवशी किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे वळणार, ती वेळ त्यावर असावी. ऑक्सिजनच्या किती बाटल्या उरल्यावर पुढे जाणार नाही, तेही. वळण्याचा अंतिम शब्द कोणाचा, त्या माणसाचं नाव, आणि तो शब्द आधीच मान्य असल्याची सही. आजवर उंचीवर काय त्रास झाला याची खरी नोंद हवी, कारण पुढच्या वेळी काय होईल याचा सर्वांत चांगला अंदाज तिच्यावरूनच येतो. तंदुरुस्तीवरून येत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंचीचा आजार होतो, किंबहुना दमदार माणूस भराभर चढतो म्हणून लवकर होतो. विमा कशाकशाला लागू आहे आणि हेलिकॉप्टर कुठपर्यंत येऊ शकतं हे घरच्यांनी वाचलेलं असावं. आणि एक प्रश्न, जो विचारताना माझाही आवाज खाली जातो: वरच राहिलात तर देह खाली आणायचा प्रयत्न करायचा का? त्याला अमाप पैसा लागतो आणि आणणाऱ्यांचे जीव धोक्यात येतात. हा निर्णय रडणाऱ्या बायकोवर सोडू नये.

कागदाची एक प्रत घरी, एक मोहिमेच्या नेत्याकडे. पैसे देणाऱ्यांकडेही एक द्यावी, म्हणजे दुपारी ठरल्या वेळी वळलेल्या माणसाला हार घालायला त्यांनाही अडचण पडणार नाही. पंचायतीने, बँकेने, कंपनीने सत्काराची रक्कम शिखरावर अवलंबून ठेवू नये, ही माझी साधी मागणी आहे. फ्लेक्स लावायचाच असेल तर माणूस घरी पोचल्यावर लावावा.

एव्हरेस्टला जाणारे मोजके असतात. लेहला जाणारे मात्र आता प्रत्येक सोसायटीत आहेत, म्हणून शेवटचं हे त्यांच्यासाठी. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, आणि मुंबईहून विमानाने निघालेला माणूस समुद्रसपाटीवरून काही तासांत तिथे उतरतो. उंचीच्या आजाराचं वैद्यकशास्त्र मोठ्या प्रमाणात आपल्याच जवानांवरून शिकलेलं आहे. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी हिमालयात पाठवलेल्या १,९२५ सैनिकांच्या आजाराची नोंद १९६९ मध्ये प्रसिद्ध केली, ती आजही वाचली जाते. पहिले दोन दिवस नुसता आराम करा. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर ती उतरेपर्यंत वर जायचं नाही. विश्रांती घेतानाही धाप लागत असेल, खोकला येत असेल, तर फुप्फुसात पाणी भरत असू शकतं. कोणी असंबद्ध बोलू लागला, चिडचिडा झाला, झोपेतून नीट उठेना, तर त्याला टाचेला बोट लावत एका सरळ रेषेत चालायला सांगा. झोकांडी गेली तर मेंदूला सूज येते आहे असं समजा. तो म्हणेल, मी ठीक आहे, सकाळपर्यंत बघू, सगळ्यांची सहल माझ्यामुळे कशाला बिघडवायची. त्याचं ऐकू नका. ऑक्सिजन असेल तर लावा आणि रात्र असली तरी गाडी काढून त्याला खाली न्या.